सील कशाने गेले?

चारचाकी गाडीखालचा तेलाचा डाग पुण्यात मालकाच्या आधी सोसायटीच्या सचिवांच्या नजरेस पडतो. आमच्या पिकअपच्या बाबतीत तेच झाले आणि पेव्हर ब्लॉकवर तेल सांडणाऱ्या सभासदांसाठी, माझे नाव न घेता परंतु माझा पार्किंग क्रमांक ठळक अक्षरांत लिहून, फलकावर सूचना लागली. सूचनेची भाषा बाजूला ठेवली तर तक्रार रास्त होती. डाग गाडीच्या मध्यावर, चालकाच्या सीटच्या थोडासा मागे पडला होता. डिझेल इंजिनाच्या ऑईलचा काळेपणा त्याला नव्हता आणि गिअर ऑईलचा गंधकासारखा वासही नव्हता. कागदी रुमालाने टिपल्यावर तो स्वच्छ लालसर उमटला. लाल रंगाचे एटीएफ, म्हणजे मुळात ऑटोमॅटिक ट्रान्समिशनसाठीचे तेल, आमच्या गाडीत दोनच ठिकाणी असते, पॉवर स्टिअरिंगमध्ये आणि ट्रान्सफर केसमध्ये, आणि स्टिअरिंगचा पंप तर पार पुढे, बॉनेटखाली आहे. त्यामुळे काय गळते आहे ते पार्किंगमध्येच कळले. ते का गळते आहे हे कळायला मात्र बराच खटाटोप करावा लागला.

ट्रान्सफर केस हा भाग बहुतेक गाड्यांत नसतोच, म्हणून त्याची थोडी ओळख करून द्यायला हवी. गिअरबॉक्सच्या पाठीला बोल्टांनी जोडलेली ही अ‍ॅल्युमिनियमची, दोन भागांत ओतलेली पेटी असते. गिअरबॉक्समधून येणारी ताकद एका शाफ्टने तिच्यात शिरते आणि दोन वाटांनी बाहेर पडते. मागच्या चाकांकडचा शाफ्ट जवळजवळ सरळ निघतो. पुढच्या चाकांसाठी मात्र एका रुंद, दातेरी साखळीने ताकद बाजूच्या शाफ्टवर उतरवून मग पुढे नेलेली असते. तिचा छोटा दांडा २एचवर असेल तर फक्त मागची चाके ओढतात, ४एचवर टाकला की चारही ओढतात, आणि ४एलवर टाकला की आतल्या प्लॅनेटरी गिअरमुळे वेग साधारण अडीचपट घटून ओढ त्याच प्रमाणात वाढते. मुळशी तालुक्यातल्या आमच्या शेताची वाट पौडपर्यंत डांबरी, पुढे कच्ची आणि शेवटी भातखाचरांच्या बांधालगत निव्वळ चिखलाची आहे. चिखलणीच्या दिवसांत खताच्या गोण्या भरलेली गाडी त्या शेवटच्या टप्प्यात ४एलशिवाय हलत नाही.

इतके कामाचे असूनही या पेटीकडे कोणाचे लक्ष नसते, कारण लक्ष वेधण्याची सोयच तिला दिलेली नाही. डॅशबोर्डवर तिच्या तेलाचा दिवा नाही आणि पातळी पाहायला डिपस्टिकही नाही. तेल किती आहे ते पाहायचे तर गाडीखाली शिरून, पाना लावून बाजूचा प्लग काढावा लागतो, आणि सर्व्हिसिंगच्या यादीत या कामापुढे बरोबरची खूण आधीच झालेली असते. शिवाय आत तेल असते जेमतेम दीड लिटर. इंजिनातून अर्धा लिटर ऑईल कमी झाले तरी काही दिवस निभावते. येथे अर्धा लिटर म्हणजे एकूण तेलाचा तिसरा हिस्सा गेला. आतला छोटा पंप तेलाऐवजी हवा ओढू लागतो, मागचे बेअरिंग आणि बुश कोरडे पडतात, झिजून लांबलेली साखळी केसच्या भिंतीला थापटा मारू लागते, आणि तेव्हा कुठे चालकाला पहिल्यांदा काही ऐकू येते. त्या आवाजानंतरचा खर्च सीलचा, म्हणजे शाफ्टभोवती तेल अडवणाऱ्या रबरी कडीचा, नसतो, अख्ख्या पेटीचा असतो.

पौड रस्त्यावरच्या ज्या गॅरेजमध्ये मी वर्षानुवर्षे गाडी नेते, तिथल्या मिस्त्रींनी खड्ड्यात उतरून, टॉर्च मारून, पाहता पाहता निदान केले. “ताई, मागचं सील गेलंय. जॉइंट उतरवायचा, नवं सील ठोकायचं, संध्याकाळी गाडी घेऊन जा.” त्यांचे म्हणणे डोळ्यांना दिसत होते. मागच्या फ्लॅन्जभोवती, म्हणजे मागच्या चाकांकडचा शाफ्ट ज्या फिरत्या तुकड्याला जोडतात त्याच्याभोवती, तेल चमकत होते आणि फिरत्या फ्लॅन्जवरून उडालेल्या तेलाची एक रेघ वर हौद्याच्या तळावर, अर्धवर्तुळात उमटली होती. अशी रेघ फक्त फिरणाऱ्या भागाजवळच्या गळतीने उमटते. जोडातून किंवा प्लगमधून येणारे तेल ओघळते, उडत नाही. तेव्हा मागच्या सीलमधून तेल येत होते, याबद्दल वाद नव्हता. माझा प्रश्न पुढचा होता. कौलारू घरात पाणी माजघरात ठिबकते म्हणून कोणी माजघराच्या वरचेच कौल बदलत नाही. आधी आढ्यापर्यंत वासा हाताने चाचपून पाणी कुठून उतरले ते पाहतात. गाडीच्या बाबतीत मात्र जिथे ओल दिसते तोच भाग बदलण्याची पद्धत पडली आहे, आणि तो बदलल्यावर महिन्या-दोन महिन्यांनी तिथेच पुन्हा ओल दिसली की दोष ‘डुप्लिकेट सील’वर जातो.

म्हणून काही उघडण्याआधी गाडी नीट धुऊन घ्यायची, असे ठरले. मिस्त्रींना हा वेळेचा अपव्यय वाटला, पण त्यांनी हाताखालच्या मुलाला ब्रश आणि डिझेलचा डबा देऊन खड्ड्यात उतरवले. जुने तेल, त्यावर बसलेली धूळ आणि वाळलेला चिखल यांचा थर निघाल्याशिवाय गळतीचे मूळ दिसतच नाही, कारण धावत्या गाडीखालचा वारा तेल सतत मागे ढकलतो आणि पुढच्या बाजूला सुटलेला थेंब हातभर मागे जाऊन दिसतो. पाहायची जागा म्हणजे ओलीचे सर्वांत पुढचे आणि सर्वांत वरचे टोक. डिझेलने धुऊन, पाण्याने खळबळून, हवा मारून केस कोरडी केल्यावर मी घरून नेलेली टाल्कम पावडर सगळ्या जोडांवर आणि सीलभोवती फुंकरीने बसवली. महागड्या गॅरेजमध्ये याच कामासाठी तेलात रंगद्रव्य मिसळून अतिनील दिव्याखाली पाहतात. पावडर तेच काम वीस रुपयांत करते, आणि गॅरेजभर लहान बाळाचा वास दरवळतो तो वेगळाच.

पिरंगुटपर्यंत जाऊन परत आल्यावर गाडी पुन्हा खड्ड्यावर घेतली. मागच्या सीलखालची पावडर गुलाबी चिखल झाली होती, हे अपेक्षितच होते. पण दांड्याचा रॉड जिथे केसमध्ये शिरतो तिथेही पावडर भिजली होती, आणि दोन अर्ध्या भागांच्या जोडावर, अगदी वरच्या अंगाला, बोटभर लांबीची ओली रेघ होती. या वरच्या रेघेने मिस्त्री गप्प झाले. तिथपर्यंत तेलाची पातळी पोहोचतच नाही. गाडी चालताना उडणारे तेल तिथे लागते खरे, पण ते फटीतून बाहेर यायला आतून कोणीतरी ढकलावे लागते. शिवाय तीन वेगवेगळ्या जागा एकाच सुमारास निकामी होणे हा योगायोग फार झाला. मिस्त्रींनी भरण्याच्या प्लगला पाना लावला आणि पाव आटा फिरवताच फुस्स असा स्पष्ट आवाज झाला. “हवा धरलीय ताई,” ते म्हणाले, आणि तेल-बिल विसरून त्यांनी टॉर्च केसच्या माथ्याकडे वळवला.

ट्रान्सफर केसच्या माथ्यावर करंगळीएवढी एक नळी असते, तिला ब्रीदर म्हणतात. आतली हवा तापली की तिने बाहेर जावे, थंड झाली की परत यावे, एवढेच तिचे काम. आमच्या गाडीत तिच्यावरची टोपी कधीतरी पडून गेली होती आणि उघड्या तोंडात कुंभारीण माशीने घर बांधले होते. एप्रिल-मेमध्ये शेतीची कामे नसतात आणि गाडी आठवडेच्या आठवडे फणसाखाली उभी राहते. तेवढी उसंत माशीला पुरते. मिस्त्रींनी तारेने टोकरून काढलेला तो मातीचा बूच मी तळहातावर घेऊन पाहिला. बाहेरच्या बाजूने तो गुळगुळीत लिंपलेला होता, आत एकामागे एक दोन कप्पे होते आणि एका कप्प्यात पिलासाठी साठवलेल्या अळीचे वाळून कोळ झालेले कातडे होते. ही करामत केवळ आमच्या शेतावर चालते असे नाही. ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन विमानतळावर अशाच माश्या विमानांचा वेग मोजणाऱ्या नळ्यांत घरे करतात, आणि त्यामुळे तिथे उभ्या विमानांच्या नळ्यांना टोप्या घालण्याची दक्षता घ्यावी लागते.

एवढीशी नळी बंद झाल्याने काय होते, याचा हिशेब शाळेच्या पुस्तकातला आहे. सकाळी ३० अंश सेल्सिअसला असलेली केसमधली हवा घाटात ओढून ९० अंशांवर गेली, तर निरपेक्ष तापमान ३०३वरून ३६३ होते, म्हणजे बंद जागेतला दाब सुमारे एक-पंचमांशाने वाढतो. दर चौरस सेंटिमीटरला जवळपास २०० ग्रॅमचा हा रेटा आकड्यात किरकोळ दिसतो. परंतु साधे ऑईल सील दाब अडवण्यासाठी बनवलेलेच नसते. त्याचा रबरी ओठ एका बारीक स्प्रिंगच्या मदतीने फिरत्या पृष्ठभागावर अलगद टेकलेला असतो आणि त्या दोघांमध्ये तेलाचा अत्यंत पातळ पापुद्रा असतो. आतून रेटा आला की एक तर ओठाखालून तेल निसटते, नाही तर ओठ शाफ्टवर जास्त दाबला जाऊन तापतो, कडक होतो आणि चिरतो. आणि ही एकच दिशा नाही. तापलेली केस ओढ्याच्या गार पाण्यात उतरली की आतली हवा आकसते, नळी बंद असल्याने ती सीलच्या ओठांमधून पाणी आत ओढते, आणि पुढच्या वेळी प्लग काढल्यावर लाल तेलाऐवजी गुलाबी दुधाळ पाणी बाहेर येते. पावसाळ्यात ओढे ओलांडणाऱ्या गाड्यांच्या ट्रान्सफर केस अशाच मरतात. आमचे तेल सुदैवाने दुधाळ झाले नव्हते.

ट्रान्सफर केसची गळती हे दुखणे गाड्यांच्या इतिहासाइतकेच जुने आहे. दुसऱ्या महायुद्धातील विलीज जीपमध्ये हँडब्रेकचा ड्रम ट्रान्सफर केसच्या मागच्या शाफ्टवरच बसवलेला होता. सील गळू लागले की तेल थेट ब्रेकच्या लायनरवर, आणि उतारावर उभी जीप चाकाखाली दगड लावूनच सोडायची. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या काही पिकअपमध्ये तर वेगळाच प्रकार निघाला. तिथल्या मॅग्नेशियमच्या केसमध्ये आतल्या तेलपंपाला अडवून धरणारी पट्टी भिंतीवर घासत राहते आणि काही वर्षांनी भिंतीला आरपार बारीक भोक पाडते. मालक बिचारा सीलवर सील बदलत राहतो आणि तेल वरच्या अंगाच्या भोकातून महामार्गावर उडून जात असते. अशा केसची मागची अर्धी बाजूच बदलावी लागते.

कारण सापडले म्हणून सील वाचले असे मात्र नव्हते. कडक झालेला ओठ परत मऊ होत नाही, तेव्हा जॉइंट उतरवणे आलेच. मिस्त्रींनी आधी प्रोपेलर शाफ्टवर, म्हणजे मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या शाफ्टवर, आणि फ्लॅन्जवर छिन्नीने समोरासमोर खूण केली, कारण तो होता तसाच परत बसला नाही तर साठच्या पुढे गाडी थरथरते. फ्लॅन्जचा मोठा नट कड ठोकून अडकवलेला असतो. त्याची कड सरळ करून, लांब पाइप लावलेल्या सॉकेटने दोघांनी जोर दिल्यावर तो सुटला. जुने सील ओढून काढले तेव्हा त्याचा ओठ नखाने दाबूनही लवत नव्हता. मग मी फ्लॅन्जच्या चकचकीत गळ्यावरून नख फिरवले आणि ते एका जागी अडकले. सीलच्या ओठाने, म्हणजे खरे तर ओठाखाली अडकलेल्या चिखलाच्या बारीक कणांनी, पोलादावर सर्व बाजूंनी एक खाच पाडली होती. या खाचेवर नवे सील बसवले तर ते पहिल्या दिवसापासून गळणार.

हाताखालच्या मुलाने लगेच फ्लॅन्ज लेथवर धरून खाच साफ करण्याचा उपाय सुचवला. भोसरीला एक ओळखीचा टर्नर होता, पण तो दिवस गुरुवार होता आणि गुरुवारी तिकडचे कारखाने बंद असतात, हे एका अर्थी बरेच झाले. लेथवर नुसते कातलेल्या पृष्ठभागावर टूलच्या सरकण्याने अतिशय बारीक मळसूत्री रेघा राहतात. डोळ्यांना त्या दिसत नाहीत, परंतु फिरताना त्या तेलाला एका दिशेने खेचत नेतात आणि नवे कोरे सीलही पाझरते. सीलखालचा पृष्ठभाग ग्राइंडिंगच केलेला हवा. दुसरा उपाय खाचेवर पाव मिलिमीटर जाडीची स्टेनलेस स्टीलची तयार बाही चढवण्याचा, आणि तिसरा नवा फ्लॅन्ज आणण्याचा, ज्यासाठी महिनाभर वाट पाहायची तयारी हवी. मिस्त्रींनी चौथा काढला. सील बसण्याच्या खोबणीत आतल्या बाजूला जागा आहे का ते त्यांनी व्हर्निअरने मोजले आणि म्हणाले, “दोन मिलिमीटर आत बसवू या. ओठ कोऱ्या जागेवर बसेल, खाच बाहेर राहील.” हा जुगाड वाटेल, पण तो नाही, सील सरळ बसले आणि मागचे तेल परतण्याचे छिद्र झाकले गेले नाही, तर यात काहीच वावगे नाही. या बाबतीत त्यांचे डोके माझ्या पुस्तकी ज्ञानाच्या पुढे चालते, हे मी तिथेच कबूल करून टाकले.

सील आणायला नाना पेठेत गेले. तिथल्या स्पेअर पार्टच्या दुकानात गाडीचे नाव आणि मॉडेल सांगायला सुरुवात केली की काउंटरवरचे काका मान न उचलता “नंबर बोला” म्हणतात. ते बरोबरच असते. ऑईल सीलवर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि रुंदी मिलिमीटरमध्ये कोरलेली असते, ४५-६२-८ अशा धर्तीवर, आणि त्या आकड्यांचे सील ट्रॅक्टरला लागते की पिकअपला याच्याशी सीलला कर्तव्य नसते. मात्र रबर कोणते हे विचारायला हवे. साधे नायट्राइल स्वस्त असते आणि बहुतेक ठिकाणी चालते; व्हायटॉन अधिक उष्णता सोसते आणि तिप्पट-चौपट पैसे घेते. मी बाहेर धुळीसाठी दुसरा ओठ असलेले नायट्राइलचे सील घेतले, कारण आमच्या गाडीचा खरा शत्रू उष्णतेपेक्षा खाचरातला चिखल आहे. त्याच फेरीत दांड्याच्या रॉडची ओ-रिंग, प्लगचे वॉशर, नवा नट आणि एटीएफचे दोन डबे घेतले.

बसवण्याचे काम थोडक्यात सांगण्यासारखे आहे, एक बारकावा सोडून. ओठावर ग्रीस, बाहेरच्या कडेला किंचित सीलंट, आणि जुन्या बेअरिंगची कडी वर ठेवून चारी बाजूंनी हलके ठोके, असे सील बसते. बारकावा असा, की तेल सीलच्या ओठातूनच बाहेर येते असे नाही. ते फ्लॅन्जच्या आतल्या दात्यांमधून, नटाखालून सरकतही येते, आणि ‘सील बदलूनही गळते’ या तक्रारींत या वाटेचा मोठा हात असतो. त्यामुळे दात्यांवर आणि नटाखाली सीलंट लावूनच नट आवळायचा. दोन भागांचा जोड मात्र आम्ही उघडला नाही. दाब गेल्यावर तो आपोआप कोरडा होण्याची शक्यता होती आणि अ‍ॅल्युमिनियमचे पृष्ठभाग छिन्नीने खरवडून नवी गळती तयार करण्याची मला हौस नव्हती.

तेल काढण्यापूर्वी भरण्याचा प्लग सैल होतो याची खात्री झालेलीच होती. ती करून न घेता खालचा प्लग आधी काढणारे, आणि मग वरचा प्लग गंजून बसल्यामुळे रिकामी केस घेऊन अडकणारे लोक थोडे नाहीत. खालच्या प्लगच्या चुंबकावर राखाडी, लोण्याइतकी मऊ लेप होती. ती बोटांत चोळून पाहिली, कण लागला नाही, म्हणजे आतली साखळी आणि गिअर शाबूत होते. मग गाडी सपाटीवर आणून, वरच्या प्लगच्या भोकातून धार बाहेर येईपर्यंत नवे तेल भरले. ब्रीदरला आता रबरी नळी लावून ती बॉनेटखाली, फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिन यांमधल्या भिंतीच्या, उंचीपर्यंत नेली आहे आणि तिचे तोंड खाली वळवून त्यावर बारीक जाळीची टोपी घट्ट बसवली आहे. ओढ्याचे पाणी तिथपर्यंत पोहोचेल त्या दिवशी ट्रान्सफर केसची काळजी करायला मी गाडीत बसलेली नसेन.

एक सवयही बदलावी लागली, ती माझ्या दिराची. पावसात ताम्हिणी घाट उतरताना ते ओल्या डांबरावरही ४एच लावून ठेवत. आमच्या गाडीत पुढच्या-मागच्या शाफ्टमध्ये डिफरन्शियल, म्हणजे दोन्हींना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी, नाही; वळणावर पुढची चाके मोठ्या वर्तुळातून जातात, मागची लहान, आणि चिखलात चाक घसरून हा फरक जसा मिटतो तसा डांबरावर मिटत नाही. मग तो पीळ साखळीत आणि बेअरिंगमध्ये साठतो, दांडा परत २एचवर यायला अडून बसतो, आणि बेअरिंगला प्ले, म्हणजे ढिलेपणा, आला की शाफ्ट डुलू लागून कोणतेही सील त्याच्यापुढे टिकत नाही. “भावोजी, डांबर संपल्यावर लावा,” एवढेच मी म्हटले. त्यांनी ते ऐकले, पण माझ्यामुळे नव्हे. मिस्त्रींनी त्यांना बेअरिंगची किंमत सांगितली म्हणून.

पावसाळा उलटला, भाताची झोडणी झाली आणि पोती पुण्यात आली. मागचे सील कोरडे आहे, वरचा जोडही कोरडा पडला आहे. पुढच्या फ्लॅन्जभोवती मात्र हलकी ओल धरली आहे. तिच्यावर धूळ चिकटते, पण थेंब लोंबत नाही. मिस्त्रींच्या मते आत्ता तिला हात लावू नये आणि या वेळी मी त्यांच्याशी वाद घातलेला नाही. पुढच्या तपासणीला प्लग काढून पाहू. पातळी उतरली असेल तर पुढचा जॉइंटही उतरवू, आणि त्या सीलचा नंबर मी आत्ताच वहीत लिहून ठेवला आहे.